हिस्सा सहामधला तिसरा आवाज

आदर्शनं विचारलं तेव्हा शालूबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आत्ती, तुम्हाला आजून तसं ऐकू येतंय काय? पयल्यासारखं?"

"पयल्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे लाईनवर कितीबी खरखर असली तरी शब्द कळायचा न्हवं तुम्हाला, तसं."

शालूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. निवृत्त झाल्यापासून सात वर्षांत असं काही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बेळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. सुरुवातीची वर्षं ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन जोडायला. कॅसलरॉक, दांडेली, कारवार, कोल्हापूर, सगळीकडच्या लाईनी त्यांच्या हाताखालून जायच्या. पावसाळ्यात तारांवर झाडं पडायची आणि पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा. मग इकडच्याला तिकडचं ऐकू येत नसलं की मधल्या शालूबाई ऐकायच्या आणि सांगायच्या, "ते म्हणतात, मंगळवारी येऊ नका, बुधवारी या." मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरती कोकणी. माणसाचं पहिलं 'हलो' ऐकून तो खानापूरचा की निपाणीचा की धारवाडचा, हे त्या सांगायच्या आणि बरोबर सांगायच्या.

"काय ऐकायचं हाय?"

"आमचा अल्बम," आदर्श म्हणाला आणि जरा लाजला.

आदर्श म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. दिवसा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी आणि बाकी वेळ ड्रम. चौघांचा बँड होता, 'गंजपत्रा' नावाचा. ते वाजवायचे त्याला मेटलकोर म्हणतात, एवढं वडगावातल्या त्या गल्लीला आता पाठ झालं होतं. भरधाव ड्रम, करवतीसारखी गिटार, आणि वर गाणारा मष्णू गायचा नाही, घसा फाडून ओरडायचा. दोन वर्षं पैसे साठवून, सुट्ट्या जुळवून त्यांनी पुण्याच्या स्टुडिओत अल्बम केला. 'सर्व्हे नंबर ११४' असं त्याचं नाव. आठ गाणी, आणि गाण्यांना नावंही नाहीत. हिस्सा १, हिस्सा २, असं आठपर्यंत. मष्णू जमीन मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या हाताखाली काम करायचा, त्याच्या डोक्यातून ती नावं आलेली.

अल्बम इंटरनेटवर आला. पहिले दोन महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग बेंगळुरूच्या एका वेबसाईटनं लिहिलं, की कन्नड मेटलमध्ये इतका दमदार अल्बम गेल्या कित्येक वर्षांत आला नाही. आठवड्याभरात पुण्याच्या एका यूट्यूब चॅनेलनं सांगितलं, की हा सीमाभागातला अस्सल मराठी आक्रोश आहे. मग काय, खाली कॉमेंटांमध्ये जुंपली. भांडण सगळं हिस्सा सहावरून. 'ईकडेऽ' अशी एक आरोळी त्यात येते. एक म्हणे ते कन्नड, ई कडे, या बाजूला. दुसरा म्हणे अरे, साधं मराठी 'इकडे' कळत नाही होय तुला? अर्थ दोन्हीकडे तोच, पण त्यानं भांडण मिटलं नाही, उलट वाढलं. बाकीच्या ओळी तर कुणालाच कळत नव्हत्या. ज्याला जे हवं ते तो ऐकत होता.

"आमचा कार्यक्रम ठरलाय पुढच्या महिन्यात," आदर्श म्हणाला. "हॉलवाल्याला दोन्हीकडनं फोन गेलेत. एकजण म्हणाला ह्यात आम्हाला शिव्या हायत, दुसराबी तेच म्हणाला. हॉलवाला भला माणूस हाय, पण घाबरलाय. म्हणाला, गाण्याचे शब्द आणि भाषा कागदावर लिहून आणा, मग हॉल."

"मग द्या की लिहून. गाणाऱ्याला ठावं असंल न्हवं?"

"मष्णू देत न्हाय. म्हणतोय, कायबी लिहिलेलं न्हाय, तोंडाला आलं ते गायलो. सात गाण्यांचे शब्द दिलेन त्यानं. सहाव्याचं नाव काढलं की उठून जातोय. तीन वर्षं झाली आमाला संगट वाजवून, मलाबी ठावं न्हाय त्यो काय म्हणतोय."

शालूबाईंनी पदराला हात पुसले. "आण बघू इकडं ते कानाचं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना खडी फोडायच्या मशिनीजवळ उभं राहिल्यासारखं वाटलं. हेडफोन काढून त्यांनी दोन्ही कान चोळले. मग म्हणाल्या, "परत लाव."

"हळू करू काय? स्पीड कमी करता येतोय."

"नको. हळू केलं की म्हशीसारखा आवाज हुतोय आणि शब्द पळतोय."

त्यांची स्वतःची एक पद्धत होती. खराब लाईनीवर शब्द पकडायला जायचं नाही. आधी ओळीचं शेपूट पकडायचं, माणूस कुठं थांबतो, कुठं श्वास घेतो ते. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज शेवटाला वर जातो, उत्तर देणाऱ्याचा खाली बसतो. कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पानामागं त्यांनी नुसत्या रेघा मारल्या, वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या. आणि संध्याकाळपर्यंत त्यांना एक गोष्ट दिसली, जी दोन्ही शहरांतल्या जाणकारांना दिसली नव्हती. ह्यात एकटा माणूस बोलतच नव्हता. हे संभाषण होतं. एकच घसा, पण माणसं दोन, आणि लांबलांब उभी.

मग शब्द यायला लागले. दुसऱ्या दिवशी पहिली ओळ सुटली, "जागा हाईस न्हवं रं, निंग्याऽ?" आणि त्यावर खाली बसणारं उत्तर, "एच्चर अदीनि." जागा आहे. विचारणारा खानापूरकडचा मराठी, उत्तर देणारा कन्नड, आणि तेही बेंगळुरूचं नव्हे, इथलंच, कित्तूर बाजूचं. शालूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तो कुणाला सांगायचा म्हणून दारात येऊन पाहिलं. गल्लीत फक्त मागावरून जेवणाच्या सुटीला निघालेली दोन माणसं होती.

पुढं सोपं होत गेलं. "गवं उतरल्यात गाऽ!" "एष्टु अदाव?" किती आहेत? "धाऽ! न्हाय, बारा!" शेतात राखणीला बसलेली दोन माणसं. तिन्हीसांजेला जंगलातून गवे भातात उतरतात, आणि शेजारी शेजाऱ्याला हाक देतो. असं लांबवर ओरडायला घशाच्या तळातून आवाज काढावा लागतो, आणि मष्णूचा तो आवाज कुठून आला असेल हेही शालूबाईंना तिथंच कळलं.

चौथ्या दिवशी मात्र त्या अडल्या. "याकडे?" असं तो कन्नड माणूस विचारत होता. मराठी कानाला वाटावं 'याकडे', पण शेपूट वर जात होतं, म्हणजे कन्नडच. कुठल्या बाजूला? आणि त्यावर ती सुप्रसिद्ध आरोळी, "ईकडेऽ!"

ही कुणाची?

त्या पुन्हापुन्हा ऐकत राहिल्या. पहिला माणूस, जो 'हाईस न्हवं रं' म्हणतो, तो मेला तरी 'इकडे' म्हणणार नाही. तो म्हणेल 'हिकडं'. म्हणजे शब्द कन्नड. पण कन्नड माणूस तर विचारणारा, तो स्वतःलाच कसं उत्तर देईल? शिवाय ह्या आरोळीतला 'डे' जिभेला सवय नसल्यासारखा जड पडत होता. मराठी तोंडातून आलेला कन्नड शब्द. आवाजही वेगळा, कापरा, शेवटाला फाटलेला.

"तिसरा कोण?" शालूबाई मोठ्यानं म्हणाल्या.

कागद पुरा झाला होता. आदर्शला दिला असता तर काम संपलं असतं. पण त्यांनी तो घडी घालून कपाटात ठेवला. ट्रंक बोर्डावर बसताना पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट एकच होती, ऐकलेलं ज्याचं त्याचं. जो पोरगा आठातली सात गाणी देतो आणि हेच एक लपवतो, त्याला आधी विचारायला हवं. आणि खरं सांगायचं तर हे तत्त्व निम्मंच होतं. उरलेली निम्मी त्यांची उत्सुकता होती, जी त्यांना चार दिवस जेवू देत नव्हती.

रविवारी सकाळी त्या लोंढ्याकडं जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसल्या आणि गुंजीला उतरल्या. मष्णू घाडीचं घर विचारत गेल्या तर तो शेतातच भेटला. भात कापून झालेलं, धसकटं उभी. सव्वीस वर्षांचा, बारीक अंगाचा, आणि बोलायला लागला की आवाज इतका हळू, की ऐकायला पुढं वाकावं लागे.

"आदर्शची आत्ती न्हवं तुम्ही? एवढ्या लांब आलासा?"

शालूबाईंनी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्याउभ्या वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि परत वरून वाचायला लागला.

"सगळं बरोबर हाय," तो म्हणाला. "कुणाला दाखवलासा?"

"तुलाच. हे माझ्याकडं ऱ्हात न्हाय. फाडून टाकायचा तर टाक, मी कुणाला सांगायची न्हाय. फकस्त एक सांग. हे पयला कोण आणि दुसरा कोण ते कळलं मला. तिसरा कोण हाय?"

मष्णू बांधावर बसला. समोर, ओढ्यापलीकडं एक म्हातारा माणूस गवताची गंजी रचत होता. मष्णूनं त्याच्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं.

"मी," तो म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मष्णू सतरा वर्षांचा. त्याचे वडील रवळू आणि पलीकडचा निंगप्पा, दोघं मिळून राखण करायचे. बांधाला बांध, मधे ओढा, आणि राखणीचे माळे दोन. रवळू आपल्या मराठीत हाक मारायचा, निंगप्पा आपल्या कन्नडमध्ये उत्तर द्यायचा. दुसऱ्याची भाषा दोघांना येत होती, पण हाक आपल्याच भाषेत निघते. गाण्यातल्या सुरुवातीच्या हाका ह्या रोजच्याच; 'याकडे?'पासून पुढच्या मात्र त्या एका संध्याकाळच्या. त्या संध्याकाळी रवळू लांब लाकडं आणायला गेला होता आणि माळ्यावर मष्णू एकटा. गवे त्यांच्या बाजूनं उतरले. एवढे मोठे त्यानं एवढ्या जवळून कधी पाहिले नव्हते. निंगप्पानं पलीकडून विचारलं, कुठल्या बाजूला? मष्णूला वाटलं, त्याच्याच भाषेत सांगितलं तर लवकर कळेल. तो सगळा जीव घशात आणून ओरडला, ईकडे.

निंगप्पा माळ्यावरून उडी टाकून इकडं धावत सुटला. तो ओढ्यापाशी पोहोचेपर्यंत कळप वळला. मोकळ्या पडलेल्या निंगप्पाच्या रानात शिरला आणि उभं भात तुडवून गेला.

"दुसऱ्या दिवशी निंगप्पाकाका म्हणाला, रवळूनं मला बोलावून घेतलं, माझं रान उघडं टाकाय लावलं. आप्पा म्हणाला, मी हाकच मारली न्हाय. देवळात जाऊन शपथ घेतली आप्पानं. निंगप्पाकाका म्हणाला, शपथ खोटी. माझा आवाज तवा नुकता फुटलेला, लांबनं आप्पासारखाच ऐकू यायचा. दोघंबी खरं बोलत हुते, आत्ती. तवापासनं बोलणं बंद."

"आणि तू?"

"मी काय बोललोच न्हाय. पयल्या दिवशी भ्यालो. मग आठवडा गेला. मग वर्स गेलं, आणि मग सांगायचं कसं तेच कळंना. स्टुडिओत सहावं गाणं वाजाय लागलं आणि तोंडातनं आपोआप हे आलं. म्हटलं कुणाला कळायचं न्हाय. इतक्या लोकांनी ऐकलं, खरंच कुणाला कळलं न्हाय. भांडत बसले. मला बरं वाटायचं आणि वाईटबी वाटायचं."

ओढ्यापलीकडं निंगप्पा गंजीवर पेंढ्या फेकत होता. मष्णू उठला, कागद खिशात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही संगट येतासा काय? एकट्याला जमायचं न्हाय."

निंगप्पा सत्तरीचा असेल. मष्णूला आपल्या रानात बघून त्यानं हातातली पेंढी तशीच धरून ठेवली. मष्णूनं सगळं सांगितलं, खाली बघत, एका दमात. निंगप्पानं ऐकलं आणि पेंढी खाली ठेवली.

"तू?" तो त्याच्या जड मराठीत म्हणाला. "मला वाटलं, तुझा बाप पहिल्यांदा माझ्या भाषेत हाक मारला. वीस वर्षं बांधाला बांध, कधी मारला न्हाय. त्या दिवशी मारला. मला वाटलं, काहीतरी भयंकर झालं असणार, पोराबिराला गव्यानं घेतलं असणार. म्हणून पळालो. भाताचं एवढं न्हाय. भात पुढच्या साली परत आलं. पण माझ्या भाषेत बोलावून फसवला, हे माझ्या मनातून जात न्हव्हतं."

मष्णू रडत होता. निंगप्पानं त्याला जवळ घेतलं नाही, की हाकललंही नाही. "ते गाणं लाव," एवढंच म्हणाला.

मष्णूनं फोनवर लावलं. निंगप्पा शेवटपर्यंत ऐकत राहिला, कपाळाला आठ्या घालून. "हे मी हाय ह्यात? मला तर बैलगाडी दरीत पडल्यागत वाटतंय." मग मष्णूनं खिशातला कागद पुढं केला, शालूबाई त्यावरून एकेक ओळ वाचत गेल्या आणि तो मान हलवत गेला. शेवटच्या ओळीला त्यानं हात वर केला.

"काय म्हणालासा?"

"तडि, बंदे," शालूबाईंनी वाचलं. थांब, आलो.

"तडि न्हाय. नडि. नडि, बंदे." चल, आलोच. "थांब कशाला म्हणू? मी त्याला थांब म्हणालोच न्हाय."

शालूबाईंनी पर्समधून पेन काढून 'त'चा 'न' केला. इतक्या वर्षांत त्यांचा शब्द क्वचितच चुकला होता. पण ही चूक त्यांना लागली नाही, उलट बरी वाटली.

"आणि दुसरं," निंगप्पा म्हणाला. "निंग्या निंग्या काय लावलाय? तुझा बाप म्हणत होता ते चालत होतं, तो माझ्या बरोबरीचा. तू माझ्या पोरासारखा. सगळ्या जगात निंग्या म्हणून ओरडतोस होय?"

रवळूला त्याच दुपारी कळलं. बाजारातून आला, पिशवी ठेवली, मुलाचं ऐकलं आणि त्याच्याशी पुढचे तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "नऊ वर्सं लोकांनी मला खोट्या शपथेचा म्हटलं रं." त्यापुढं त्याला काही म्हणायचं नव्हतं. मष्णूच्या आईनं नंतर शालूबाईंना फोनवर सांगितलं, की त्याच संध्याकाळी रवळू ओढ्यापलीकडं निंगप्पाकडं गेला आणि दोघं गंजीपाशी तंबाखू मळत बसले, पण काय बोलले ते तिला कळलं नाही. शालूबाईंना ते फार जाणून घ्यायचं होतं. त्यांनी विचारलं नाही.

मष्णूच्या हातूनच हॉलवाल्याला कागद मिळाला. छापील अर्जावर 'भाषा' असा रकाना होता. आदर्श म्हणाला, "काय लिहू?" शालूबाईंनी लिहायला लावलं, 'मराठी आणि कन्नड. कोण बोलतो त्यावर आहे.' हॉलवाल्यानं तो दोन्हीकडच्या फोनवाल्यांना वाचून दाखवला. दोघांनीही विचारलं, म्हणजे यात आमच्यावर काहीच नाही? गव्यांवर आहे, असं सांगितल्यावर त्यांचा उत्साहच गेला.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला झाला. अडीचशे-तीनशे माणसं आली असतील, बहुतेक काळ्या टी-शर्टातली पोरं. कोल्हापूरहून एक गाडी आली, धारवाडहून दोन. तिसऱ्या रांगेत शालूबाई बसल्या, त्यांच्या एका बाजूला रवळू. निंगप्पा शेवटच्या रांगेत बसला, पांढरी टोपी घालून, कानात कापूस घालून. हिस्सा सहा सुरू झाला आणि शालूबाईंना एक नवल दिसलं. समोरची पोरं आता शब्द म्हणत होती. आदर्शनं ते इंटरनेटवर टाकले होते. धारवाडची पोरं "हाईस न्हवं रं" म्हणून ओरडत होती, कोल्हापूरची "एच्चर अदीनि".

आणि मष्णूनं गाताना ठरवल्याप्रमाणं नाव बदललं. निंग्याऽ ऐवजी निंगप्पाऽ. पण ते नाव चालीत बसत नव्हतं. एक मात्रा जादा झाली, आदर्शचा ड्रम पुढं निघून गेला, गिटारवाले दोघं एकमेकांकडं बघायला लागले, आणि सगळं गाणं क्षणभर लंगडून मग परत सावरलं. शालूबाईंनी मागं वळून पाहिलं. निंगप्पानं एका कानातला कापूस काढला होता.

चार दिवसांनी बेंगळुरूच्या त्याच वेबसाईटवर कार्यक्रमाबद्दल आलं. शालूबाईंचंही नाव त्यात होतं, 'शब्द ऐकून लिहिणाऱ्या' म्हणून. बाकी पुष्कळ कौतुक होतं आणि शेवटी लिहिलं होतं, की हिस्सा सहामध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात बँडनं एक मात्रा मुद्दाम वाढवून ताल मोडला, हे मोठं धाडसाचं पाऊल आहे आणि पुढं बरेच बँड याचं अनुकरण करतील.

मष्णूनं ते निंगप्पाला घरी जाऊन वाचून दाखवलं. निंगप्पानं दोनदा वाचायला लावलं.

"धाडस कसलं त्यात?" तो म्हणाला. "माझं नाव तेवढं लांब हाय."